शेवटच्या गाडीची बरणी

१

समुद्रापलीकडच्या एका गोदामात काकड्यांचं पिंप फुटलं. फुटलं म्हणजे, झाकणावरचं लोखंडी कडं ताणून ताणून शेवटी सुटलं आणि झाकण उडून शेजारी उभ्या हमालाच्या तोंडावर बसलं. त्याचा एक डोळा गेला.

मग गोदामवाल्यांनी त्या कंटेनरमधली बाकीची पिंपं लांबूनच, काठीने ढोसून पाहिली. सगळी टम्म फुगली होती. भीत भीत उघडली, तर आत काकड्या नव्हत्याच, गिळगिळीत लगदा होता. खारात मीठ होतं, व्हिनेगरचा मात्र थेंबही नव्हता. व्हिनेगर नसलं की काकडी आंबते, आंबली की वायू धरते, आणि बंद पिंपात वायूला जायला वाट नसते. या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही एवढं ठाऊक असतं.

माल जिथून गेला होता त्या कारखान्यात विमा कंपनीने आपल्या तपासनीसबाईंना पाठवलं. निवृत्तीला आलेल्या बाई. कंपनीतले लोक पाठीमागे त्यांना ‘गोचीड’ म्हणत. एकदा चिकटली की रक्त निघाल्याशिवाय सुटत नाही. बाईंना हे माहीत होतं आणि आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. या वयात गोचीडही दमते. त्यात दोन दिवस दाढ ठणकत होती आणि गाल सुजून वर आला होता.

कारखान्याच्या मालकाने टेबलाच्या मधोमध एक काचेची बरणी मांडून ठेवली होती. गळ्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती.

“प्रत्येक गाडी भरताना तिच्या पिंपांतल्या काकड्यांची एक बरणी आम्ही मागे ठेवतो,” तो म्हणाला. “उद्या वाद झालाच तर पुरावा असावा म्हणून. ही त्याच गाडीची. हंगामातली शेवटची गाडी. आता बघा.”

त्याने एक काकडी काढली आणि चावली. कुर्रकन आवाज झाला.

“ऐकलंत? पोलिसांनी खाल्ली, माझ्या वकिलाने खाल्ली. आंबट आहे, कडक आहे. घ्या ना.”

“दाढ दुखतेय,” बाई म्हणाल्या, आणि नुसत्या बघत बसल्या. बोटाएवढ्या काकड्या, पोपटाच्या पंखासारख्या हिरव्यागार, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारख्या एकमेकींना खेटून ताठ उभ्या होत्या.

तेवढ्यात एक बाई आत आली. पन्नाशीची, खांदे पडलेले, चेहरा मात्र हसरा. मालकाची थोरली बहीण. सगळा कारखाना तिला आक्का म्हणायचा. काकड्या भरणाऱ्या बायकांची ती मुख्य होती. तिने बाईंचा गाल पाहिला, काही न विचारता परत गेली आणि कोमट मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन आली.

“चूळ भरा, ताई. इथं दुसरं काही नसलं तरी मीठ भरपूर आहे.”

ती गेल्यावर मालक पुढे वाकला. “सरळ हिशोब आहे. बरणी चांगली, म्हणजे पिंपं भरली तेव्हा माल चांगला होता. नंतर कोणीतरी पिंपांतला खार ओतून टाकला आणि नुसतं मिठाचं पाणी भरलं. त्या रात्री शेडमध्ये झोपायला एकच माणूस होता. आमचा खारवाला. टाक्यांमध्ये खार कालवायचं काम त्याचं. आठवड्याआधीच रजेवरून माझं त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी त्याला चारचौघांत नको ते बोललो, हे मान्य करतो. म्हणून काय डोळा घ्यायचा एखाद्याचा? मी त्याला काढून टाकलाय, तक्रारही दिलीय. तुमचा अहवाल आला की पोलीस त्याला आत टाकतील.”

युक्तिवादात खोट काढायला जागा नव्हती. सगळा भार त्या एका बरणीवर होता. बरणी खरी असेल, तर एक माणूस तुरुंगात जाणार होता.

बाईंनी पुन्हा एकदा बरणीकडे पाहिलं. काहीतरी खटकत होतं, आणि दाढेच्या ठणक्यात ते काय ते नीट हाताला लागत नव्हतं.

२

खाराचा आंबटपणा तपासणारी मुलगी पंचविशीची होती. तिला सगळे चाचणीवाली म्हणत. रडून तिचे डोळे सुजले होते.

“मी चाचणी केली होती, मॅडम. न करता आकडा नाही लिहिला.”

“कोण म्हणालं तसं?”

“तोंडावर कोणीच नाही म्हणत. पण मी आले की बोलणं थांबतं.”

बाईंनी तिला स्टुलावर बसवलं, आपणही बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली. “त्या दिवशीचं सांग. घाई नाही. मला तरी कुठे जायचंय.”

“टाक्या दोन आहेत. एक दाराजवळ, एक पार मागे, शिडी चढून जावं लागतं. दोन्हींतल्या खाराची एकेक बाटली माझ्याकडे येते. आंबटपणा बरोबर असला की मी हो म्हणते, मग पिंपं भरतात. त्या दिवशीही दोन आल्या. दोन्ही बरोबर होत्या. उलट जरा जास्तच बरोबर.”

“म्हणजे?”

“दोन्हींचं उत्तर तंतोतंत एक आलं. असं हंगामभरात झालं नव्हतं. माणसाने ओतलेलं असतं, थोडं इकडंतिकडं होतंच. मी मनात म्हटलं, खारवाल्याचा हात बसला बुवा एकदाचा.”

“बाटल्या त्यानेच आणल्या?”

“रोज तोच आणतो. त्या दिवशी मी नळावर हात धूत होते. आले तेव्हा टेबलावर ठेवलेल्या होत्या.”

“आणि फुगलेली पिंपं कुठल्या टाकीची?”

“मागच्या. दाराजवळच्या टाकीचा माल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, त्याची काही तक्रार नाही.”

“नमुन्याच्या बरण्या कोण भरतं?”

“मीच. पिंपातून चिमट्याने काढते आणि टाकते बरणीत. जशा पडतील तशा. नमुनाच तो, आरास थोडीच करायचीय.”

बाईंनी कपाट दाखवायला सांगितलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत ते होतं. हंगाम संपला की त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, असं मुलगी म्हणाली आणि तिने दार उघडलं.

फळीवर हंगामातल्या साऱ्या गाड्यांच्या बरण्या रांगेत होत्या. काकड्या वेड्यावाकड्या पडलेल्या, आडव्या, तिरक्या, काही उलट्या. आणि रंगाने सगळ्या एकजात मळकट, शेवाळी.

बाई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, “व्हिनेगरात काकडी हिरवी किती दिवस राहते गं?”

“थोडेच दिवस. मग रंग उतरतो. सगळ्याच अशा होतात, कितीही…” मुलगी बोलता बोलता थांबली. तिला मालकाच्या टेबलावरची बरणी आठवली असावी. तिने कपाटाचं दार घट्ट धरलं. “मॅडम, ती माझी नाही. मी ती भरलेली नाही.”

“हंगाम संपून पाच महिने झाले. हिरव्या काकड्या आता मिळतात कुठे?”

“मागे बियाणं तपासायला लावलेला एक वाफा आहे. जाळीखाली. कोणीही तोडू शकतं.”

“आणि या कपाटाच्या किल्ल्या?”

“मालकांकडे एक. आक्कांकडे एक. आणि एक माझ्याकडे.”

३

बरणी बदलली होती. का, हे सांगायला गोचीड लागत नाही. मूळ बरणीतल्या काकड्याही सडल्या असणार. म्हणजे पिंपं नंतर कोणी उघडली नव्हती. मागच्या टाकीतच व्हिनेगर पडलं नव्हतं. मालकाचा युक्तिवाद गेला. पण खारवाला सुटला असं होत नव्हतं. खार कालवणं त्याचंच काम. आधी त्याने सूड म्हणून केलं, आता त्याने विसरून केलं, एवढाच फरक.

त्याचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं होतं. जिना अरुंद आणि उभा. बाई मधे दोनदा थांबल्या. दार उघडणारा माणूस आडदांड होता आणि मिठाने त्याच्या हातांना कायमच्या भेगा पडल्या होत्या.

“विम्यावाल्या ना? बसा. पोलिसांना सांगितलं तेच सांगणार, पिंपं मी उघडली नाहीत.”

“तुम्ही उघडली नाहीत. मला माहीत आहे.”

तो चपापला. इतक्या दिवसांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

“मला एवढंच सांगा,” बाई म्हणाल्या. “मागच्या टाकीत व्हिनेगर ओतलं होतं का?”

“ओतलं असणार कोणीतरी.”

“कोणीतरी? ते काम तुमचं.”

“हो. माझंच.”

“मग ‘कोणीतरी’ कसं?”

आतल्या खोलीतून म्हातारा आवाज आला. “कोण आलंय रे?”

“कोणी नाही, आई. कामाचं आहे.”

“कारखान्याचं का? त्यांना सांग, त्या दिवशी सोडलं तुला म्हणून मी वाचले.”

“आई, गप्प बस.”

“गप्प काय गप्प! पाच महिने खाटेवर गप्पच पडलेय.”

बाई उठून आत गेल्या. म्हातारीचा खुबा मोडला होता. खाटेला दोर बांधून तिला उठता यावं अशी सोय लेकाने केलेली दिसत होती. तिने बाईंचा हात धरून जवळ बसवलं. बोलायला माणूस मिळालं याचाच तिला आनंद.

“न्हाणीत पडले गं मुली. भर दुपारी. शेजारणीने कारखान्यात फोन केला आणि हा धावत आला. हातातलं काम टाकून. शेवटची गाडी भरत होती म्हणे त्या दिवशी, तरी आला. रात्री मला दवाखान्यात झोप लागली तेव्हा परत गेला.”

खारवाला दारात खाली मान घालून उभा होता.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “तुम्ही दुपारी तिथे नव्हतात. हे पोलिसांना सांगितलं नाहीत?”

“सांगून काय होणार? काम अर्धवट टाकून पळाला म्हणून दोष माझ्याच माथी. आणि मी काही चोरून पळालो नव्हतो. मला ‘जा’ म्हणणारं माणूस होतं. दुसऱ्या कोणी सोडलं नसतं त्या दिवशी. त्यांचं नाव मी माझ्या तोंडाने पोलिसात देणार नाही.”

“तुरुंगात गेलात तरी?”

“मी वाट बघतोय, बाई,” तो म्हणाला. आवाजात उपकाराची भाषा नव्हती, राग होता, दाबून दाबून विझत आलेला. “ते माणूस आपणहून कधी बोलतंय, याची.”

४

दुसऱ्या दिवशी आक्का भरणीच्या शेडमध्ये भेटली. लांबच लांब स्टीलची टेबलं कापडाने झाकलेली, सरकते पट्टे थांबलेले. हंगामात जिथे उभं राहायला जागा नसते तिथे दोघींच्या बोलण्याचा घुमारा होत होता. आक्काने दोन पालथे क्रेट पुढे ओढले.

“दाढ कशी आहे?”

“आहे जागेवर. त्या दिवशीचं सांगा, आक्का. शेवटच्या गाडीचं.”

“काय सांगू? अर्ध्या बायका तापाने घरी. तीन दिवस आम्ही जवळजवळ इथेच होतो. गाडी आधी ठरलीच नव्हती. भावाने ऐनवेळी होकार दिला, म्हणाला, परदेशातलं गिऱ्हाईक पहिल्यांदा मागतंय, नाही कसं म्हणू. मग काय, भरली.” ती हसली. “पाय इतके सुजले होते की चपला कापून घातल्या.”

“खारवाला?”

“तो होता की.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“दुपारीही?”

आक्काने टेबलावरच्या कापडाची चुणी सारखी केली. “होता, ताई. जाईल कुठे? माझ्या नजरेआड या शेडमध्ये पान हलत नाही.”

हे मात्र खरं होतं, बाईंना आतापर्यंत तिघाचौघांनी सांगितलं होतं. आणि म्हणूनच बाईंना एकदम थकल्यासारखं झालं. मालक त्या दिवशी बंदरावर कागदपत्रांत अडकला होता. चाचणीवाली आपल्या खोलीत होती. शेडमधून एवढा आडदांड माणूस भर दुपारी निघून गेला आणि जिच्या नजरेआड पान हलत नाही तिला ते दिसलं नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

पण खोटं बोलणं वेगळं आणि बरणी बदलणं वेगळं. आक्का कदाचित त्या माणसाची चुकवलेली हजेरी झाकत असेल. बरणी मालकानेही बदललेली असू शकत होती. फायदा सगळ्यात जास्त त्याचाच. चाचणीवालीनेही, भीती सगळ्यात जास्त तिलाच.

“आक्का, एक काम होतं,” बाई उठत म्हणाल्या. “मला तुलनेसाठी ताजे नमुने हवेत. मागच्या वाफ्यातल्या काकड्या तोडून आणायला सांगाल? आणि तीन रिकाम्या बरण्या.”

“तीन कशाला?”

“कपाटाच्या किल्ल्या तीन आहेत ना,” बाई म्हणाल्या. “प्रत्येकाने एकेक भरायची.”

५

मालकाच्या खोलीत टेबलावर काकड्यांचं टोपलं आणि तीन बरण्या. मालक वैतागला होता.

“हा काय पोरखेळ लावलाय, मॅडम? काय सिद्ध होणार यातून?”

“काहीच नाही झालं तर मी जाईन घरी. मलाही जायचंच आहे.”

त्याने मूठ मूठ काकड्या घेऊन बरणीत कोंबल्या. दोन मोडल्या. झाकण बसेना, तेव्हा एक काढून त्याने खाऊन टाकली. “घ्या. झाली भरून.”

चाचणीवालीने सवयीने खिशातला चिमटा काढला. एकेक काकडी उचलायची, बरणीच्या तोंडाशी न्यायची आणि सोडायची. टप. टप. आडवी, तिरकी, जशी पडेल तशी. कपाटातल्या बरण्यांसारखीच हुबेहूब.

आक्का कोपऱ्यात उभी होती. “मी कशाला, ताई? माझ्याकडे किल्ली आहे खरी, पण मी त्या कपाटाला कधी…”

“भरा ना. तुमच्याइतका हात कोणाचा बसलाय?”

ती पुढे आली. पहिल्या दोन काकड्या तिने नुसत्या टाकल्या. जरा जोरातच. तिसरीही टाकली. पण ती तिरकी पडली, आणि तिरकी पडलेली काकडी त्या हातांना सोसवेना. बोट आत घालून तिने ती उभी केली. मग शेजारची. मग डावा हात आपोआप बरणी तिरपी धरू लागला, उजवा हात एकेक काकडी फुलाची बाजू खाली करून भिंतीला लावू लागला, अंगठ्याने दाबून, पुढचीला जागा करून. सबंध आयुष्य हेच काम केलेलं. डोळे तिकडे नव्हतेच. ती खिडकीबाहेर बघत होती.

खोलीत कोणी बोलत नव्हतं. ती शांतता तिला जाणवली आणि तिने खाली पाहिलं.

अर्ध्या बरणीत काकड्या ताठ, एकमेकींना खेटून उभ्या होत्या. शेजारीच टेबलावर मालकाची ती पुराव्याची बरणी होती. तशाच, अगदी तशाच.

आक्काचा हात बरणीतच थांबला.

“तुम्ही दोघं जरा बाहेर जाता का?” बाई हळूच म्हणाल्या.

मालक हलला नाही. तो एकदा या बरणीकडे, एकदा त्या बरणीकडे बघत होता. चाचणीवालीने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

६

“रंग उतरतो हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं नाही,” बाई म्हणाल्या.

“माहीत होतं.” आक्का खुर्चीत बसली होती, हात मांडीवर उलटे पडलेले. “दोन दिवस उन्हातसुद्धा ठेवली. पुरता उतरला नाही. म्हटलं, जाऊ दे, काकडी म्हटलं की माणूस चावूनच बघतं. रंग कोण बघतंय.”

“दाढ दुखत नसती तर मीही चावलीच असती.”

बाईंनी खुर्ची आक्कासमोर ओढून घेतली.

“मी सांगते, चुकलं तर थांबवा,” बाई म्हणाल्या. “खारवाल्याला फोन आला, आई पडली. तुम्ही त्याला जा म्हणालात.”

“न म्हणून कशी राहीन? आईच ती.”

“आणि मागची टाकी अर्धवट राहिली.”

“अर्धवट राहिली हे मला माहीत नव्हतं!” पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “मशीन चालू होतं, कानात काही शिरत नव्हतं. तो जाता जाता ओरडला, ‘आक्का, मीठ विरघळलंय!’ मी म्हटलं, ‘जा तू, बाकी मी बघते.’ मला वाटलं, झालंय सगळं. बाकी म्हणजे ढवळणं, पंप लावणं, पिंपं भरून घेणं. त्याला वाटलं, बाकी म्हणजे व्हिनेगर. त्या एका शब्दाचे दोघांनी दोन अर्थ घेतले.”

“शेडमध्ये वास?”

“दाराजवळची टाकी उघडी होती. त्या वासात दुसऱ्या टाकीचा वास नाही, हे कोणाच्या नाकाला कळणार?”

“इथपर्यंत दोघांचीही चूक म्हणता येईल,” बाई म्हणाल्या. “पण चाचणीत ते सापडायला हवं होतं. बाटली मागच्या टाकीतली असती तर त्या मुलीने तिथल्या तिथे गाडी थांबवली असती. दोन्ही बाटल्यांचं उत्तर तंतोतंत एक आलं, कारण दोन्ही एकाच टाकीतल्या होत्या. दाराजवळच्या.”

आक्काने मान डोलावली. “ती शिडी, ताई. तीन दिवस उभी होते. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि उचलेना. म्हटलं, खार तोच, मीठ तेच, काय फरक पडतो. दोन्ही बाटल्या दाराजवळच्या टाकीतच बुडवल्या.” ती आपल्या पावलांकडे बघत होती. “पाय उचलला नाही म्हणून माणसाचा डोळा गेला. असं कुठे असतं का?”

आयुष्यभर बाईंनी बुडालेला, जळालेला, कुजलेला माल पाहिला होता. त्यामागे लबाडी सापडली की बरं वाटायचं. निदान राग तरी काढता यायचा. बहुतेक वेळा सापडायचं ते हेच. दमलेलं माणूस.

“ती चूक होती,” त्या शेवटी म्हणाल्या. “बरणी ही चूक नाही, आक्का. ती तुम्ही विचार करून भरलीत. तो माणूस आत जाणार होता.”

“बातमी आली तेव्हा कपाट उघडलं. बरणीचं झाकण फुगलेलं, आत सगळं पांढरं. तेव्हाच कळलं काय झालं असणार. वाटलं, बरणी चांगली दिसली तर म्हणतील माल वाटेत, जहाजात कुठेतरी बिघडला. कोणाचंच नाव येणार नाही. मग भावाने खारवाल्याचं नाव घेतलं. त्याच संध्याकाळी सांगणार होते, देवाशप्पथ. पण त्या संध्याकाळी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं. रोज ते एक दिवसाने जड होत गेलं.”

“त्याने तुमचं नाव घेतलं नाही. माझ्यासमोरही नाही.”

“माहीत आहे,” आक्का म्हणाली. “त्यानेच तर झोप उडालीय. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी केव्हाच बोलले असते.”

दारावर टकटक झाली. मालक आत आला. त्याचा चेहरा बघून कळत होतं की दाराबाहेर त्याने सगळं ऐकलंय.

७

तो बहिणीवर ओरडेल असं बाईंना वाटलं होतं. तो ओरडला नाही. समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मला सांगायचं होतंस, आक्का.”

“कधी सांगायचं? तू थांबायचास कधी? मी म्हटलं होतं, ही गाडी नको, बायका तापाने पडल्यात. तू फोनवरच होतास. हात हलवलास नुसता.”

त्याला ते आठवत असावं. त्याने बाईंना विचारलं, “अहवालात तेही येणार?”

“तीन दिवस माणसं बसली नव्हती, हे येणार. गाडी कोणी लादली, हेही येणार. आणि बरणी येणारच.”

“येऊ दे,” तो म्हणाला. मग पोलिसांना फोन करायला उठला. बोलताना त्याने खिडकीकडे तोंड केलं होतं.

खारवाला दुसऱ्या दिवशी आला. तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर त्याची सही हवी होती, म्हणून. आक्का फाटकापाशी उभी होती. बाई निघायच्या तयारीत, गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना ऐकू आलं.

“मी सांगितलं सगळं,” आक्का म्हणाली.

“कळलं.”

“मी तुझी…”

“माफी नका मागू, आक्का.” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही मागितलीत तर मला ‘असू द्या’ म्हणावं लागेल. आणि मला ते अजून म्हणायचं नाही.”

ती थांबली. “आई कशी आहे?”

“दोर धरून उठते आता.” त्याने चिखलाने भरलेल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. “त्या दिवशी तुम्ही सोडलंत म्हणून आहे. ते मी विसरलो नाही. पुढचंही विसरणार नाही. दोन्ही राहू द्या आपापल्या जागी.”

मालक आतून आला आणि पुढच्या हंगामाला ये म्हणाला. मागचं चारचौघांत बोललेलं परत घेतो, असंही, चारचौघांसमोरच म्हणाला. खारवाल्याने ऐकून घेतलं. बंदरावरच्या एका गोदामात काम मिळतंय, बघू, एवढंच बोलून तो सही करून निघून गेला.

बाईंची गाडी आली. पण आक्काने त्यांचा हात धरला. “ताई, एक करता? त्या माणसाशी बोलायचंय मला. डोळा गेलेल्याशी.”

“वकील नको म्हणतील.”

“म्हणू देत.”

बाईंनी गाडी परत पाठवली. परदेशातल्या खरेदीदाराच्या कचेरीत दोन्ही भाषा येणारा एकजण होता. त्याच्यामार्फत बरीच फोनाफोनी झाली, आणि संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तो हमाल फोनवर आला. तो कामावर होता. एका डोळ्याने जमेल असं हलकं काम त्याला दिलं होतं. मागे कुठेतरी गाड्यांचे भोंगे आणि लोखंडाचे आवाज येत होते.

आक्काने सगळं सांगितलं. शिडी, बाटल्या, बरणी. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. दुभाषी तुकड्यातुकड्याने पलीकडे सांगत होता. तिचं संपलं, त्याचं संपलं.

मग तो माणूस थोडं बोलला. दुभाष्याने घसा साफ केला.

“ते म्हणतायत, मला सांगितलं होतं की तिकडे कोणी एक बदमाश आहे, त्याने मुद्दाम केलं. इतके दिवस मी त्या बदमाशावर चिडून होतो. रोज चिडायचो, त्यावर दिवस निघायचा. आता तुम्ही म्हणता, एक बाई दमली होती. मीही रोज दमतो. मग आता मी चिडू कोणावर?”

आक्काने फोन दोन्ही हातांनी धरला होता. “माझ्यावर,” ती म्हणाली. “त्यांना सांगा, माझ्यावर चिडा. नाव-पत्ता देते. तो हक्क आहे त्यांचा.”

दुभाष्याने सांगितलं. पलीकडे कोणीतरी त्या माणसाला हाक मारली, त्याने काहीतरी उत्तर दिलं. मग परत फोनमध्ये दोनच शब्द बोलला.

“काय म्हणाले?” आक्काने विचारलं.

“म्हणाले,” दुभाषी म्हणाला, “बघतो.”